आजीची गाणी, भावाचे नंदी आणि आपली स्वतःची वेबसाइट: गावात बसून कशी उभी कराल

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघरी गाणी म्हणतात, डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखतात. माझ्या आजीला अशी चाळीसेक गाणी तोंडपाठ होती. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून स्टेटसला टाकायची. दुसऱ्या दिवशी स्टेटस गायब. पुढच्या उन्हाळ्यात तो मोबाइलच बंद पडला आणि त्यातली अकरा गाणी गेली. आजीला पुन्हा बसवलं, तेव्हा दोन गाण्यांची शेवटची कडवी तिला आठवेनात. ती आता कोणाकडेच नाहीत.

तेव्हाच ठरवलं, की आपल्या कामाला कायमचा पत्ता पाहिजे. आज त्या पत्त्यावर आजीची गाणी आहेत आणि माझा भाऊ तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्यासाठी, सागाचे लाकडी नंदी घडवतो त्यांची चित्रं, मापं आहेत. त्या पत्त्यासाठी एक रुपयाही लागला नाही, वेळ मात्र सहा महिने गेला. त्यातला बराचसा चुका निस्तरण्यात. तुमच्याकडे दंडारीचे, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचे, संवाद असोत, कविता असोत, बांबूचं काम असो की गोधड्यांचे नमुने, तुमचं पान दोन-चार रविवारांत उभं राहावं म्हणून मला जे कळलं ते क्रमाने सांगते.

काय काय लागेल

- अँड्रॉइड मोबाइल. कॉम्प्युटर असला तर काम सोपं जातं. नसला तर ॲकोड नावाच्या मोफत ॲपमध्ये मोबाइलवरच पान लिहिता येतं.
- तुमच्या स्वतःच्या ताब्यातला ईमेल. दुकानदाराने उघडून दिलेला नको.
- मराठी युनिकोड कीबोर्ड. मोबाइलवर जीबोर्ड, कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट.
- एक पेनड्राइव्ह आणि एक वही.

इंटरनेटवर पान ठेवायच्या मोफत जागेसाठी आधार, पॅन, बँकेचं कार्ड यातलं काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर तिथेच थांबा.

आणखी एक. पान लिहिण्याचं सगळं काम इंटरनेटशिवाय होतं. स्वतःच्या फोल्डरातली फाइल ब्राउझरमध्ये उघडून बघता येते. रेंज लागते ती फक्त शेवटी, अपलोड करताना. मी रात्री घरात लिहायची आणि सकाळी गच्चीवर जाऊन चढवायची.

१. एकच काम निवडा, तेही पूर्ण झालेलं

"माझी सगळी कला" असं पान करायला घेऊ नका. मी तेच केलं आणि दोन महिने नुसती यादी करत बसले. एक गाणं, एक नंदी किंवा एक कविता घ्या. त्याचं नाव, ते कुठून आलं, कोणी केलं, कधी केलं, एवढं वहीत लिहा. हे लिहून झालं म्हणजे पानाचा निम्मा मजकूर तयार झाला. दुसरं काम पहिलं पान चढल्यावर.

२. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सविस्तर सांगते.

मी गाणी वहीतून टाइप करायला तालुक्याच्या एका डीटीपी दुकानात दिली. कागदावर छापून आलं तेव्हा अक्षर सुंदर होतं. तीच फाइल घरी आणून पानावर चिकटवली, तर सगळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. कारण टायपिंग क्रुतिदेवमध्ये झालेलं होतं. क्रुतिदेव, शिवाजी, श्रीलिपी हे जुने फॉन्ट पडद्यावर मराठी दाखवतात, पण फाइलच्या आत प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी दुसऱ्याच अक्षराचा कोड असतो. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला चिवडाच दिसतो, आणि गुगललाही तो मजकूर मराठी म्हणून कळत नाही. युनिकोडमध्ये 'भ' हा कुठल्याही मोबाइलवर 'भ'च राहतो.

म्हणून दुकानात टायपिंग देताना आधीच "युनिकोडमध्ये पाहिजे" असं सांगा. मिळालेला मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा. तिथे मराठी दिसली तर ठीक. आधीच क्रुतिदेवमध्ये काम झालेलं असेल तर युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत. मात्र बदलल्यावर ओळ न् ओळ वाचून काढा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते.

आपल्या भागासाठी खास गोष्ट म्हणजे 'वऱ्हाड' हा शब्द. तो 'वर्हाड' असा उमटत असेल तर तुम्ही साधा र वापरला आहे. कीबोर्डवर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वेगळा असतो. तो, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग ह, असं टाइप केलं की बरोबर 'ऱ्ह' होतो. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांचंही तसंच.

बोलीतलं गाणं बोलीतच ठेवा. आजी 'मले' म्हणते तिथे मी सुरुवातीला 'मला' लिहिलं होतं. चालीत बसेना, ओळ अडखळायला लागली. सगळं पुन्हा 'मले', 'तुले', 'कायले' केलं. अवघड शब्दांचा अर्थ गाण्याखाली वेगळा द्या.

३. फोटो आणि आवाज हलका करा

मोबाइलच्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले तर शेतात रेंजच्या एका दांडीवर बसलेला माणूस पान उघडायची वाट बघत बसेल आणि बंद करेल. फोटोची रुंदी १२०० पिक्सेल करा, जेपेग क्वालिटी ७५च्या आसपास ठेवा. फाइल दोन-तीनशे केबीपर्यंत येते आणि मोबाइलवर फरक दिसत नाही. स्क्वूश नावाचं साधन हे काम ब्राउझरमध्येच मोफत करतं.

फोटो काढताना फ्लॅश नको. सकाळी आठ-नऊला ओसरीत, थेट ऊन नसेल तिथे, मागे पांढरी चादर लावून नंदी ठेवा. एक समोरून, एक बाजूने, एक शिंगांचा अगदी जवळून. भावाच्या नंदीच्या वशिंडाखाली पटाशीचे बारीक फटके दिसतात, पॉलिशखाली ते लपत नाहीत. लोक सगळ्यात जास्त त्याच फोटोबद्दल विचारतात. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढलात तर मापाचे प्रश्न येत नाहीत.

धोका: कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत तुमच्या घराचा नेमका ठिकाणा नोंदला जातो. फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करा.

आवाजासाठी महागडा माईक लागत नाही. गोधड्या रचलेली खोली स्टुडिओसारखी शांत असते, आवाज घुमत नाही. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर. गाणं संपल्यावर लगेच थांबवू नका. माझ्या आजीने सगळ्यात मोलाची माहिती गाणं संपल्यावरच्या अर्ध्या मिनिटात सांगितली आहे. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुढचा-मागचा भाग कापा आणि मोनो, ६४ केबीपीएसमध्ये एमपी३ काढा. मिनिटाला अर्धा एमबी होतो, म्हणजे तीन मिनिटांचं गाणं दीड एमबीत बसतं. मूळ रेकॉर्डिंग मात्र कधीच पुसू नका, ते वेगळ्या फोल्डरात ठेवा.

व्हिडिओ स्वतःच्या जागेवर चढवू नका, जागा लगेच भरते. तो यूट्यूबवर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर टाका आणि पानावर त्याची लिंक द्या.

४. फोल्डर आणि फाइलींची नावं

एक फोल्डर करा. त्यात एक मुख्य पान, एक 'फोटो' आणि एक 'आवाज' असे उपफोल्डर. सगळ्या नावांत लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरा, शब्दांमध्ये जागा सोडू नका, आडवी रेघ द्या. मुख्य पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असंच पाहिजे, नाहीतर पत्ता उघडल्यावर काहीच दिसत नाही.

- विंडोजवर मोठं-लहान अक्षर एकच धरलं जातं, सर्व्हरवर (इंटरनेटवरच्या ज्या कॉम्प्युटरवर पान राहतं त्यावर) नाही. घरी दिसणारा फोटो चढवल्यावर दिसत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा एखादं अक्षर मोठ्या लिपीत राहून गेलेलं असतं.
- नोटपॅडमध्ये सेव्ह करताना शेवटी गुपचूप 'टीएक्सटी' चिकटतं. सेव्हच्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडा. जुन्या विंडोजवर एन्कोडिंग 'यूटीएफ-८' हेही निवडावं लागतं, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
- फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह'पासून लिहू नका. तो फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतो. 'फोटो फोल्डर, तिरपी रेघ, फाइलचं नाव' एवढंच लिहा.

५. पान लिहा

एचटीएमएलची भीती बाळगू नका. पानाचा कुठला भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या त्या खुणा, एकेका खुणेला टॅग म्हणतात. एका साध्या पानाला सहा-सात टॅग पुरतात: शीर्षकाला एच-वन, परिच्छेदाला पी, ओळ मोडायला बीआर, फोटोला आयएमजी, आवाजाला ऑडिओ, लिंकला ए. पानाचा रिकामा सांगाडा 'एमडीएन' या वेब शिकवणाऱ्या साइटवर मोफत मिळतो. तो उतरवून घ्या आणि मधला मजकूर आपला भरा.

तीन गोष्टी मात्र पाहिजेतच. एक, डोक्याच्या भागात, म्हणजे 'हेड' टॅगमध्ये, चारसेट यूटीएफ-८, म्हणजे मराठी मराठीच दिसते. दोन, सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर'. यामुळे पान मराठी आहे हे ब्राउझरला कळतं आणि ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. तीन, पुन्हा डोक्याच्या भागात, व्ह्यूपोर्टची ओळ. ती नसेल तर मोबाइलवर पान मुंगीएवढं दिसतं.

आवाजाच्या टॅगमध्ये 'कंट्रोल्स' हा शब्द विसरलात तर वाजवायचं बटणच दिसत नाही. शिवाय 'प्रीलोड' 'नन' ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याने बटण दाबल्याशिवाय त्याचा डेटा खर्च होत नाही.

दिसण्याबद्दल थोडं. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींतलं अंतर १.६ किंवा जास्त ठेवा. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची सेटिंग मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरप्या अक्षरांचंही तेच, जोर द्यायचा तर ठळक करा. फॉन्टसाठी 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' हे दोन्ही मोफत आणि वाचायला स्वच्छ आहेत. मोबाइलमध्ये आधीच असलेल्या फॉन्टवर भागवलंत तर पान आणखी लवकर उघडतं. मी तेच केलं आहे.

प्रत्येक फोटोला 'ऑल्ट'मध्ये एक वाक्य लिहा. ज्याला दिसत नाही त्याचा मोबाइल ते वाक्य वाचून दाखवतो.

६. मोफत जागा कुठे घ्यायची

दोन ठिकाणं मी स्वतः वापरली.

निओसिटीज नवख्यांसाठी सगळ्यात सोपं. खातं उघडा, फाइल ओढून टाका, पान चालू. मोफत खात्यात १ जीबी जागा मिळते. पण मोफत खात्यात एमपी३ चढत नाही. हे मला सगळी पानं तिथे करून झाल्यावर कळलं. चित्रं, कविता, कथा असतील तर हीच जागा घ्या.

आवाज असेल तर गिटहब पेजेस. तिथे खातं उघडताना वापरकर्ता नाव विचार करून निवडा, कारण तेच तुमच्या पत्त्यात येणार. मग त्या नावापुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' लावून त्याच नावाची रिपॉझिटरी, म्हणजे फाइली ठेवायची जागा, करा, ती 'पब्लिक' ठेवा आणि 'ॲड फाइल'मधून सगळं चढवा. ब्राउझरमधून एक फाइल २५ एमबीपर्यंत चढते, पूर्ण साइट १ जीबीच्या आत ठेवायची असते. चढवल्यावर पान दिसायला दहा मिनिटंही लागू शकतात, तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा चढवू नका.

इथला मोठा धोका असा, की गिटहब प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपून ठेवतं. मी पानावर भावाचा मोबाइल नंबर टाकला आणि दोन दिवसांनी काढला. पानावरून गेला, पण जुन्या नोंदींत तो कोणालाही दिसत होता. शेवटी रिपॉझिटरीच पुसून नव्याने करावी लागली. नंबर, घराचा पत्ता, मुलांची नावं आधीपासूनच टाकू नका. संपर्कासाठी वेगळा ईमेल काढा.

आणि ही जागा दुकान चालवायला नाही. नंदी कसा घडतो ते दाखवा, विचारणा ईमेलवर येऊ द्या, पण खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ तिथे उभं करणं त्यांच्या नियमात बसत नाही.

पासवर्ड वहीत लिहा. दुहेरी पडताळणी सुरू करताना जे रिकव्हरी कोड मिळतात तेही वहीतच. मोबाइल गेला तर खात्यात परत जायला तेच कामी येतात.

७. स्वतःचं डोमेन

डोमेन म्हणजे आपल्या नावाचा, पैसे भरून घेतलेला पत्ता. घाई नाही, पहिलं वर्ष मोफत पत्त्यावर काढा. घ्यायचंच ठरलं तर 'डॉट इन' आहे, आणि २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही आहे. पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, नूतनीकरणाची किंमत विचारा. नोंदणी तुमच्या नावाने आणि तुमच्याच ईमेलवर पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मंडळाचं डोमेन करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं. तो गाव सोडून गेला आणि पत्ता त्याच्यासोबत गेला.

८. परवानगी, नाव आणि हक्क

तुम्ही स्वतः लिहिलं, घडवलं, काढलं असेल तर हक्क तुमचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. लोकगीताचा कर्ता माहीत नसतो, पण गाणाऱ्याचा गायनावर वेगळा हक्क असतो. तेव्हा आजी घरचीच का असेना, विचारा. काय करणार आहात ते दाखवून विचारा.

मी मोबाइल आजीच्या हातात दिला, तिचाच आवाज वाजवला. तिने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "माह्यं नाव टाकलं का त्यात?" टाकलं होतं. "मंग माह्या मायचंबी टाक. गाणे तिचेच हायेत." तेव्हापासून प्रत्येक गाण्याखाली तीन ओळी असतात: कोणी म्हटलं, कोणाकडून शिकलं, कोणत्या गावचं. या तीन ओळींमुळेच नेर आणि दिग्रसकडच्या बायांनी आपल्याकडचे पाठभेद कळवले.

हे सगळ्यांना लागू करा. दंडारीत काम करणारा, ढोलकी वाजवणारा, गोधडी शिवणारी, सगळ्यांचं नाव विचारून टाका. नको म्हणाले तर नको. पोडावरच्या (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या) लोकांचं गाणं किंवा पूजेतलं काही असेल तर एकट्या गाणाऱ्याच्या होकारावर थांबू नका, वस्तीतल्या जाणत्यांना विचारा. काही गोष्टी बाहेर न्यायच्या नसतात आणि ते ठरवणं त्यांचं काम आहे. लहान मुलींचे चेहरे, शाळेचं नाव आणि गाव एकत्र देऊ नका. आमच्या पानावर भुलाबाई खेळणाऱ्या पोरींचा फोटो पाठमोरा आहे.

दुसऱ्यांना तुमचं काम वापरू द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. मी 'श्रेय द्या, धंद्यासाठी नको, बदल केला तर त्याच अटींवर द्या' हा लावला आहे. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून आधी घरात बोलून घ्या. मागे सिनेमाचं संगीत लावू नका.

९. लोकांपर्यंत पोचवा

लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की खाली फोटो आणि नाव दिसलं पाहिजे, नुसती निळी लिंक गावात कोणी उघडत नाही. फसवणुकीच्या भीतीने ते बरोबरच आहे. त्यासाठी डोक्याच्या भागात 'ओजी टायटल' आणि 'ओजी इमेज' या दोन ओळी लागतात. फोटोचा पत्ता 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण लिहायचा, फोटो दोनशे केबीच्या आत.

पत्ता क्यूआर कोडमध्ये बदलून छापून घ्या. भाऊ तान्ह्या पोळ्याच्या बाजारात नंदीच्या गळ्यात दोऱ्याने तो कागद बांधतो. स्कॅन करून बघितल्याशिवाय छापू नका, आणि एकदा छापल्यावर पत्ता बदलू नका.

१०. बॅकअप

वेबसाइट म्हणजे बॅकअप नव्हे, खातं कधीही बंद पडू शकतं. पूर्ण फोल्डर आणि मूळ रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटर किंवा मोबाइल, पेनड्राइव्ह, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे एक प्रत. माझी तिसरी प्रत मावशीकडे पुसदला आहे. पान चढवल्यावर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ'त पत्ता टाकला की त्या दिवसाची प्रत तिथेही राहते.

पेनड्राइव्ह नुसता कपाटात ठेवून चालत नाही. मी दरवर्षी भुलाबाई बसायच्या आधी तो लावते आणि प्रत्येक फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकते. गेल्या खेपेला दोन उघडल्या नाहीत. त्या मावशीच्या प्रतीतून परत घेतल्या.